जगाच्या सपाट नकाशावर कंपास ठेवून गोल काढू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तुम्ही पान भरून जगाचा नकाशा छापलात आणि त्यावर एका देशाच्या क्षेपणास्त्राचा पल्ला दाखवणारी तीन लाल वर्तुळं काढलीत, एकात एक, नेमबाजीच्या टार्गेटसारखी. छपाई झकास, रंग झकास, पण सगळ्यात बाहेरचं वर्तुळ बघितलं, त्याच्यावर "१०,००० किमी" लिहिलेलं बघितलं आणि चहा तसाच राहिला. माझी सगळी नोकरी मर्चंट नेव्हीत गेली, त्यातली बरीच वर्षं चार्ट (समुद्राचे नकाशे) पसरलेल्या टेबलावर वाकून, त्यामुळे असं काही दिसलं की हात आपोआप पट्टीकडे जातो. काढली पट्टी आणि मोजलं.

तुमचा नकाशा मर्केटरचा, म्हणजे मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीने गोल पृथ्वी सपाट केलेला, आहे हे ग्रीनलँडच्या अवाढव्य आकारावरूनच कळतं. वर्तुळाचं केंद्र साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर. ज्यांनी कोणी हे ग्राफिक बनवलं त्यांनी विषुववृत्तावरची स्केल घेतली, १०,००० किमीला किती सेंटीमीटर होतात ते काढलं आणि तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ फिरवून मोकळे झाले. आता गंमत बघा. या वर्तुळाचा वरचा टोकाचा बिंदू ७९ अंश उत्तरेला येतो, म्हणजे केंद्रापासून खरं अंतर झालं ४,३०० किमीच्या आसपास. डावी-उजवीकडची टोकं प्रत्यक्षात ७,३०० किमीवर आहेत. खालचं टोक ४२ अंश दक्षिणेला, तिथे अंतर भरतं ९,१०० किमी. म्हणजे एकच क्षेपणास्त्र, एकच इंजिन, पण उत्तरेला सोडलं तर ४,३०० किमीवर दमतं आणि दक्षिणेला सोडलं तर दुप्पट जातं! असं कुठलं क्षेपणास्त्र असतं हो? आणि १०,००० तर एकाही दिशेला भरत नाहीत.

मग खरं "वर्तुळ" कसं दिसलं असतं? इथेच खरी मजा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. १०,००० किमी म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा जवळजवळ बरोबर पाव भाग, ९० अंश. ४० अंश उत्तरेवरून सरळ उत्तरेला निघालं की ५० अंश गेल्यावर ध्रुव येतो, अजून ४० अंश शिल्लक असतात, ते ध्रुव ओलांडून पलीकडच्या बाजूने खाली उतरण्यात जातात आणि आपण पोहोचतो जगाच्या दुसऱ्या बाजूच्या ५० अंश उत्तर अक्षांशावर. दक्षिणेला निघालं तर ५० अंश दक्षिणेवर. अशी सगळ्या दिशांची टोकं मर्केटरवर मांडली तर वर्तुळ दिसतच नाही, दिसते एक लाट! नकाशाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जाणारी, एकीकडे ५० उत्तरेपर्यंत चढलेली आणि दुसरीकडे ५० दक्षिणेपर्यंत उतरलेली नागमोडी रेघ. त्या रेघेच्या वरचं सगळं, पूर्ण उत्तर ध्रुवप्रदेशासकट, माऱ्याच्या टप्प्यात. तुमच्या वर्तुळाने जे देश "सेफ" म्हणून बाहेर ठेवले होते त्यातले कितीतरी आत येतात. ही बारीकसारीक चूक नाही साहेब, बातमीच उलटी होते. २००३ मध्ये एका नामांकित इंग्रजी साप्ताहिकाने नेमकी हीच चूक केली होती आणि मग वाचकांनी दाखवून दिल्यावर दुरुस्त नकाशा छापला होता, तेव्हा तुम्हाला सोबत चांगली आहे.

आता मर्केटरला शिव्या घालायची हल्ली फॅशन आहे, ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे वगैरे, ते आता सगळ्यांना पाठ झालंय. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियननेसुद्धा हा नकाशा बदला म्हणून मोहिमेला पाठिंबा दिला आणि शाळेच्या भिंतीवर लावायच्या नकाशापुरतं बोलायचं तर त्यांचं बरोबरच आहे. पण मर्केटरबुवांनी १५६९ मध्ये हा नकाशा काढला तेव्हा त्याच्या लांबलचक नावातच लिहून ठेवलं होतं की हा नाविकांच्या वापरासाठी आहे. १८ तुकड्यांचा, सगळे जोडले की दोन मीटर रुंद. देशांचे आकार तुलना करून बघा असं ते कुठे म्हणाले नव्हते. औषधाच्या बाटलीवर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" लिहिलेलं असताना पिऊन टाकायचं आणि मग कंपनीला दोष द्यायचा, तसला प्रकार.

नाविकाला त्यात काय मिळतं ते सांगतो. समुद्रात तुमच्या हातात होकायंत्र असतं, ते फक्त दिशा सांगतं. सुकाणूवरच्या माणसाला एक आकडा द्यायचा, शून्य आठ आठ धर म्हणून, की तो तो धरून बसतो. मर्केटरच्या नकाशावर दोन बंदरं सरळ रेघेने जोडली, त्या रेघेचा उत्तरेशी कोन मोजला की तोच आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो. हिला आम्ही रंब लाइन म्हणतो. ही सोय करण्यासाठी त्याला एक किंमत द्यावी लागली. रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात, नकाशावर मात्र ते समांतर उभे केलेत, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर जबरदस्तीने ताणलं गेलं, मग कोन बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिण पण तेवढंच ताणायला हवं. ६० अंशांवर हा ताण दुप्पट होतो, क्षेत्रफळ चौपट. ८० अंशांवर क्षेत्रफळ ३३ पट. ध्रुव तर नकाशावर दाखवताच येत नाही, तो अनंतावर जातो. मोबाइलमधले नकाशे पण याच घराण्यातले, ८५ अंशांच्या जरा पुढे कापलेले, कारण काटकोनातला चौक जगात कुठेही काटकोनातच दिसला पाहिजे, नाहीतर गाडी चालवणारा माणूस वैतागेल. पटत नसेल तर ग्लोबवाला व्ह्यू बंद करून, झूम न बदलता, नकाशा विषुववृत्तावरून ६० अंशांवर सरकवा आणि कोपऱ्यातल्या स्केलच्या पट्टीकडे बघा, तेवढ्याच लांबीत निम्मे किलोमीटर उरतात.

हे मी पुस्तकातून शिकलो असं नाही, शिव्या खाऊन शिकलो. कॅडेट होतो, नवाकोरा, जहाज साधारण ५० अंश उत्तरेला पूर्वेकडे चाललेलं. सेकंड मेट, म्हणजे मार्ग आखणारा अधिकारी, म्हणाला पुढच्या वेपॉइंटपर्यंत (मार्गावरच्या ठरवलेल्या बिंदूपर्यंत) अंतर काढ. मी डिव्हायडर (दोन टोकदार पायांचा, अंतर मोजायचा कंपास) घेतला, दोन टोकांवर ठेवला आणि तसाच उघडा डिव्हायडर उचलून चार्टच्या खालच्या कडेवर नेला, कारण ती कड जवळ होती, आणि मोजले २४० मिनिटं. एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल हे पाठ होतं, म्हणून ऐटीत लिहिलं २४० मैल, १२ नॉटने (ताशी १२ सागरी मैल) २० तास. सेकंड मेटने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "आपण आत्ता विषुववृत्तावर आहोत का?" मला काही झेपेना. मग त्याने माझ्या हातातला डिव्हायडर काढून घेतला आणि चार्टच्या बाजूच्या कडेवर, अक्षांशांच्या स्केलवर, तेही आमच्या अक्षांशाच्या बरोबर समोर, ठेवला. १५४ मैल. २० तासांचे झाले १३ तास, म्हणजे मी जहाजाला सात तास उशिरा नेऊन ठेवलं होतं, कागदावर का होईना. खालच्या कडेवर रेखांश असतात आणि रेखांशाचं एक मिनिट फक्त विषुववृत्तावर एक मैल भरतं, पुढे ते आकसत जातं. चार्टवर अंतर नेहमी बाजूच्या कडेवर आणि आपण आहोत त्याच उंचीला मोजायचं, कारण त्याच चार्टवर वरचा मैल आणि खालचा मैल वेगवेगळ्या लांबीचे असतात. त्यानंतर आठवडाभर मेसमध्ये मी दिसलो की कोणीतरी विचारायचं, काय, आज विषुववृत्त कसं आहे?

तुमच्या ग्राफिकवाल्यांनी जी चूक केली ती ही आणि हीच. एका ठिकाणची स्केल उचलून दुसरीकडे लावली. म्हणून राग नाही, माझी पण झालीये, फक्त माझा कागद एकाच माणसाने बघितला होता.

आता त्यानंतर तुमच्याकडे छापून आलेल्या वाचकांच्या पत्रांबद्दल. एका वाचकाने लिहिलंय की विमान कंपन्या सरळ जायचं सोडून उत्तरेकडून मोठा वळसा घालतात, नकाशावर बघा म्हणे केवढी कमान दिसते, यात काहीतरी काळंबेरं आहे. काळंबेरं काही नाही हो, नकाशावरची सरळ रेघ हाच वळसा आहे आणि कमान हाच शॉर्टकट. मी सेकंड मेट झाल्यावर पॅसेज प्लॅनिंग, म्हणजे प्रवासाचा मार्ग आखणं, माझ्याकडे आलं, तेव्हाचं एक उदाहरण देतो. योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को. दोन्ही जवळजवळ सारख्याच अक्षांशावर, एक ३५ च्या जरा वर, एक ३८ च्या जरा खाली. मर्केटरवर सरळ रेघ मारली तर कोर्स येतो ०८८, म्हणजे जवळजवळ नाक पूर्वेला, आणि अंतर ४,७२० मैल. आता ग्लोब घ्या, एक दोरा घ्या, या दोन ठिकाणांमध्ये ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो, ४८ अंशांच्याही वर जातो, अल्युशियन बेटांच्या खालून. हे ग्रेट सर्कल, गोलावरचं सगळ्यात कमी अंतर, आणि ते भरतं ४,४७५ मैल. जवळजवळ २४५ मैल वाचले, १४ नॉटच्या जहाजाचे साडेसतरा तास आणि तेवढं तेल.

पण त्यात एक त्रास आहे. ग्रेट सर्कलवर कोर्स सारखा बदलत राहतो. योकोहामाहून निघताना ०५४, म्हणजे चांगलंच ईशान्येला, मध्यावर कुठेतरी बरोबर ०९०, आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताना १२३, आग्नेयेकडे नाक. जहाज "वळत" नसतं बरं का, ते सरळच चाललेलं असतं, त्याच्याखाली उत्तर दिशा फिरत असते, कारण रेखांश एकमेकांना समांतर नाहीत. सुकाणूवाल्याला दर मिनिटाला नवा आकडा देत बसणार का? म्हणून जुनी युक्ती अशी की एक वेगळा चार्ट असतो, नॉमोनिक म्हणतात त्याला, त्यावर देशांचे आकार बघवत नाहीत इतके वेडेवाकडे असतात पण ग्रेट सर्कल सरळ रेघ दिसते. त्याच्यावर पट्टीने रेघ मारायची, दर पाच किंवा दहा अंश रेखांशाला ती कुठे कापते ते वाचायचं, ते बिंदू मर्केटर चार्टवर आणायचे आणि मग बिंदूपासून बिंदूपर्यंत छोट्या छोट्या रंब लाइन. म्हणजे दोन खोटे नकाशे एकमेकांच्या मदतीने एक खरा रस्ता काढतात. आता एक्डिस, म्हणजे जहाजावरचा इलेक्ट्रॉनिक चार्ट, आलं, कॉम्प्युटर दोन सेकंदात करतो, पण आत तेच करतो. थंडीच्या दिवसात कॅप्टन एवढं उत्तरेला जाऊ देत नाही, तिकडची वादळं २४५ मैलांपेक्षा महाग पडतात, आणि विमानं पण वाऱ्याप्रमाणे रस्ता खालीवर करतात, त्यामुळे प्रत्येक फ्लाइट दोऱ्यावरूनच जाते असं समजू नका. पण पायाचा रस्ता तोच. अजून टोकाचं बघायचं तर ६० अंश उत्तरेवर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूला असलेली दोन ठिकाणं घ्या. अक्षांश धरून गेलात तर १०,००० किमी, ध्रुवावरून गेलात तर ६,६७० किमी. नकाशावर ध्रुवावरचा रस्ता दाखवायला जागाच नाही म्हणून कोणाला सुचत नाही.

दुसरं पत्र मात्र वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. ते लिहितात की नकाशे एवढे खोटे असतील तर मुळात पृथ्वी गोल आहे हे तरी कशावरून, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हावर तर सपाट पृथ्वीचाच नकाशा आहे, ताटासारखा, मधे उत्तर ध्रुव. या गृहस्थांची चेष्टा करायची इच्छा नाही, प्रश्न विचारणारा माणूस बरा. तो बोधचिन्हावरचा नकाशा म्हणजे आणखी एक प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी कागदावर सपाट करायची एक पद्धत, आहे, त्यात मधल्या बिंदूपासूनची अंतरं आणि दिशा बरोबर असतात, बाकी सगळं फिस्कटतं, आणि मधून जितकं लांब जाल तितकं जास्त. आता तो नकाशाच खरी पृथ्वी आहे असं धरून हिशेब करू. सिडनी ते सँटियागो, चिलीचं, अशी थेट विमानसेवा आहे, साडेबारा तासांच्या आसपास लागतात. गोल पृथ्वीवर अंतर ११,३०० किमीच्या आसपास, म्हणजे ताशी ९०० किमी, कुठलंही प्रवासी विमान जातं तेवढा वेग. ताटावरच्या नकाशावर मोजलं तर हे दोन शहरं एकमेकांपासून २५,६०० किमी लांब पडतात. तेवढं साडेबारा तासात कापायचं तर ताशी दोन हजारांच्या वर वेग पाहिजे, म्हणजे कॉन्कॉर्डसारखं आवाजाच्या दुप्पट जाणारं विमान, आणि तेही मधे कुठे न उतरता. तिकीट काढून बसलेल्या शेकडो लोकांच्या घड्याळांना कोण फसवणार?

आणि आम्ही जहाजावर तर पृथ्वीचा गोलवा रोजच्या कामाला लावायचो. रात्री किनाऱ्याकडे येताना दीपगृहाचा दिवा आधी क्षितिजाखाली असतो, आकाशात नुसती उजेडाची झाक, आणि मग एका क्षणी टिपकन दिवा वर येतो. तो नक्की आत्ताच क्षितिजावर आलाय की नाही हे बघायची जुनी ट्रिक म्हणजे ब्रिजवर गुडघ्यात वाकायचं. वाकलं की दिवा गायब, उभं राहिलं की परत दिसतो. चाळीशी उलटलेला चीफ ऑफिसर अंधारात उठाबशा काढतोय हे दृश्य नवीन पोराला फार विनोदी वाटतं, मलाही वाटलं होतं. तर त्या क्षणाला अंतराचा हिशेब सोपा आहे, दिव्याची उंची मीटरमध्ये, तिचं वर्गमूळ, आपल्या डोळ्याची समुद्रापासूनची उंची, तिचं वर्गमूळ, दोन्हींची बेरीज गुणिले २.०८, उत्तर सागरी मैलात. दिवा ६४ मीटरवर, आपण २५ मीटरवर, आठ अधिक पाच तेरा, अंतर २७ मैल. दिव्याची दिशा होकायंत्रावर कोन (बेअरिंग) घेऊन कळते, अंतर असं कळतं, झाली आपली पोझिशन. पृथ्वी सपाट असती तर तो दिवा हळूहळू ठळक होत गेला असता, असा टिपकन उगवला नसता आणि गुडघ्यात वाकून विझला पण नसता.

आणि सपाट दिसते म्हणून सपाट, याचं उत्तर तर भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणीत देऊन ठेवलंय की परिघाचा शंभरावा भाग सपाटच वाटतो, पृथ्वी एवढी प्रचंड आणि माणूस एवढासा, म्हणून त्याला ती सगळी सपाटच दिसणार. उत्तर-दक्षिण रेषेवरच्या दोन गावांमधलं अंतर आणि अक्षांशातला फरक घेऊन त्रैराशिकाने परिघ काढायची रीतही तिथेच आहे. मुळात आपण ज्या विषयाला "भूगोल" म्हणतो त्याच्या नावातच उत्तर आहे, आणखी काय पाहिजे?

गोलावरून सपाट कागदावर काही न बिघडवता येताच येत नाही, हे जर्मन गणिती गाऊसने १८२७ मध्ये गणिताने सिद्ध केलं. गणित बाजूला ठेवा, तुमचाच पेपर घ्या आणि त्यात चेंडू गुंडाळून बघा. डब्याभोवती गुंडाळला तर घडी पडत नाही, चेंडूभोवती पडल्याशिवाय राहत नाही. नकाशा काढणारा उलटं काम करतो, चेंडूवरचा कागद सोडवून टेबलावर पसरतो, मग कुठेतरी ताणायचा, कुठेतरी फाडायचा. कुठे ताणायचा हे त्याच्या हातात असतं, ताणायचाच नाही हे नसतं. आकार सांभाळले तर क्षेत्रफळ जातं, क्षेत्रफळ सांभाळलं तर आकार चेपतात, दोन्ही थोडं थोडं बिघडवून मधला मार्ग काढणारेही आहेत.

बरं, पृथ्वी अगदी चेंडू पण नाही, विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाकडची ६,३५७, एकवीस किमीचा फरक. ३० सेंटीमीटरच्या ग्लोबवर हा चपटेपणा जेमतेम १ मिलीमीटर होईल, म्हणून फोटोत दिसत नाही. पण तो आहे की नाही यावर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये एवढा वाद झाला की १७३५ मध्ये एक तुकडी पेरूकडे आणि १७३६ मध्ये दुसरी लॅपलँडला पाठवली, अक्षांशाचा एक अंश प्रत्यक्ष मोजायला. ध्रुवाजवळचा अंश लांब निघाला, म्हणजे पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे म्हणणारा न्यूटन बरोबर ठरला. आमचा सागरी मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, तो त्यामुळे विषुववृत्तावर १,८४३ मीटर आणि ध्रुवावर १,८६२ मीटर, शेवटी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने १,८५२ वर तोडगा काढला. आणि हा चपटेपणा वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळा धरला होता, भारताच्या सर्व्हेने सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टचा १८३० चा आकडा, दुसऱ्यांनी दुसरा, त्यामुळे जीपीएस आलं तेव्हा जुन्या चार्टवर चक्क सूचना छापलेल्या असायच्या की उपग्रहावरून आलेली पोझिशन एवढी सरकवून मग मांडा. ती बारीक अक्षरातली सूचना न वाचता खडकाजवळून जाणं म्हणजे नशिबाची परीक्षा.

ग्रीनविचला अंगणात ती प्रसिद्ध पट्टी आहे, शून्य रेखांशाची, लोक एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. मी तिथे फोन घेऊन उभा राहिलोय, फोन शून्य दाखवत नाही. शून्य बघायचं तर पूर्वेला १०२ मीटर चालत जावं लागतं, बागेत, जिथे ना पट्टी ना गर्दी. कारण तिथली दुर्बीण उभी सरळ लावताना त्या जागेचं गुरुत्वाकर्षण धरलं होतं, आणि ते तिथे पृथ्वीच्या मध्याकडे तंतोतंत ओढत नाही, किंचित तिरकं आहे. उपग्रह मात्र पृथ्वीच्या मध्याभोवती फिरतात, त्यांना स्थानिक ओळंब्याशी देणंघेणं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. असो, हे जरा विषयांतर झालं.

तर मागणं एवढंच आहे. जगाचा नकाशा छापलात की खाली कोपऱ्यात लहान अक्षरात प्रोजेक्शनचं नाव टाका, मर्केटर, रॉबिन्सन, इक्वल अर्थ, जे असेल ते. पूर्ण जगाच्या मर्केटर नकाशावर "१ सेंमी = अमुक किमी" अशी एकच स्केल छापू नका, ती फक्त एका रेषेवर खरी असते. विमानाचा किंवा जहाजाचा रस्ता दाखवताना पट्टीने रेघ मारू नका. आणि पल्ला दाखवायचाच असेल, क्षेपणास्त्राचा असो नाहीतर रेडिओचा, तर तोच ताटासारखा नकाशा वापरा, फक्त मधे उत्तर ध्रुवाऐवजी ते प्रक्षेपणाचं ठिकाण ठेवा. मधल्या बिंदूपासूनची सगळी अंतरं त्यात बरोबर असतात, म्हणजे मग तुमच्या ग्राफिकवाल्यांनी खुशाल कंपास ठेवावा आणि हवी तेवढी लाल वर्तुळं काढावीत, सगळी खरी निघतील. देश ओळखू येणार नाहीत इतके वाकडे दिसतील आणि वाचकांचे फोन येतील की नकाशा चुकलाय, तेव्हा हे पत्र दाखवा. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात असा नकाशा काढता येतो.

त्या रविवारच्या नकाशाची दुरुस्ती तेवढ्याच आकारात, त्याच पानावर छापलीत तर फार बरं होईल. पान सातवर दोन ओळींची दिलगिरी नको, ती लाट डोळ्यांनी दिसली पाहिजे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त, मर्चंट नेव्ही)

ता.क. पत्र लांबलंय हे मला कळतंय. कापायचं झालं तर ग्रीनविचचा भाग कापा, डिव्हायडरचा ठेवा.